दिव्यांगांच्या साधनासाठी आणि ते वापरायच्या ट्रेनिंगसाठी पैसे कसे उभे करायचे

कॅम्पमध्ये मिळालेलं कानाचं मशीन डबीतच आहे, अंध मुलाला स्मार्टफोन मिळाला पण टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, कुणी शिकवलंच नाही म्हणून तो फोन आता घरातलं दुसरंच कोणीतरी वापरतंय, व्हीलचेअर आली पण मापाची नाही म्हणून ती पडवीत उभी आहे. अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील. आपल्याकडे योजनेचा पैसा वस्तूवर खर्च होतो, पण ती वस्तू वापरायला शिकवणाऱ्या माणसाच्या तासांना कुणी पैसे देत नाही, आणि आपणही मागत नाही. म्हणून माझं पहिल्यापासून एकच म्हणणं असतं की मागताना तपासणी, साधन, ट्रेनिंग आणि दुरुस्ती हे चारही एकत्र लिहून मागायचं, आणि चारही एकाच ठिकाणाहून मिळणार नाहीत हे धरूनच चालायचं. वस्तू एका योजनेतून, शिकवणी दुसऱ्या निधीतून, बॅटरी आणि दुरुस्ती तिसरीकडून, असंच जुळवावं लागतं. हे सगळं महाराष्ट्रातल्या लोकांसाठी लिहितेय. केंद्राच्या योजना सगळीकडे सारख्याच आहेत, राज्याच्या मात्र इथल्या आहेत.

आधी खर्च कागदावर काढा

बहुतेक जण थेट "कुठली योजना आहे हो" असं विचारतात. त्याआधी आपल्याला नक्की काय हवंय ते लिहून काढा, कारण समोरचा अधिकारी असो, ट्रस्ट असो की कंपनी असो, ज्याच्या हातात आकडे असलेला कागद असतो त्याचं काम पुढे सरकतं.

एक उदाहरण घेऊ. बारावी झालेली, पूर्ण दृष्टिबाधित मुलगी कॉलेजला जाणार आहे. तिला लॅपटॉप लागेल, हेडफोन लागेल. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मात्र विकत घ्यायची गरज नाही, एनव्हीडीए नावाचं पूर्ण फुकट आहे, विंडोजवर चालतं आणि मराठी वाचतं. लॅपटॉप कुठून तरी मिळून जातो, पण तिला शिकवणार कोण? इथेच सगळं अडतं. तिच्या ट्रेनिंगचा आराखडा असा काहीतरी असतो: सुरुवातीला फक्त कीबोर्ड, न बघता टायपिंग, एफ आणि जे या बटणांवरच्या उंचवट्यावर बोटं ठेवून. मग एनव्हीडीएचं मुख्य बटण, म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, ते धरून बाकीच्या कमांड, आवाजाचा वेग आपल्याला झेपेल तेवढा ठेवणं. मग इंटरनेट, वेब पेजवर एच दाबून एका हेडिंगवरून पुढच्या हेडिंगवर उडी मारणं, इन्सर्ट एफ सेव्हन दाबून पेजवरच्या सगळ्या लिंकची यादी उघडणं, फॉर्म भरणं. मग वर्डमध्ये मराठी टायपिंग, नोट्स काढणं, स्कॅन केलेली पीडीएफ ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून, वाचणं. शेवटी सुगम्य पुस्तकालयासारख्या ऑनलाइन लायब्ररीतून पुस्तकं घेणं. हे एका दिवसाच्या शिबिरात होत नाही, आठवड्याला दोनतीन बैठका धरल्या तरी काही महिने जातात, आणि मधे सराव नसेल तर मागचं विसरायला होतं.

हे असं टप्प्याटप्प्याने लिहिलं, प्रत्येक टप्प्यापुढे अंदाजे तास लिहिले, ट्रेनरचा तासाचा दर आणि येण्याजाण्याचा खर्च लिहिला, की आपोआप ट्रेनिंगचं बजेट तयार होतं. त्याखाली वर्षभराची दुरुस्ती, बॅटऱ्या, इंटरनेट लिहा. कानाच्या मशीनचं असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा पुन्हा जाऊन मशीन सेट करून घेण्याच्या फेऱ्या लिहा, कारण पहिल्या दिवशीची सेटिंग बऱ्याचदा टोचते, सगळेच आवाज मोठे येतात आणि आजोबा मशीन काढून ठेवतात ते कायमचेच. व्हीलचेअरचं असेल तर मापं घेणं, खुर्चीतून पलंगावर आणि परत खुर्चीत कसं जायचं, एकाच जागी बसून जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने वजन कसं हलवायचं, हे घरच्यांनाही शिकवावं लागतं. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप असेल तर खरं ट्रेनिंग आईबाबांचं आणि शिक्षकांचं असतं, मूल नंतर आपोआप घेतं. आयआयटी मुंबईने बनवलेलं जेलो नावाचं ॲप फुकट आहे आणि मराठीतही आहे, म्हणजे तिथेही खर्च ॲपचा नसून शिकवणाऱ्याचा आहे.

कोटेशन दोन ठिकाणची घ्या. ट्रेनरकडूनही लेखी कोटेशन घ्या, लेटरहेडवर, तासांसकट. वस्तूचं कोटेशन सगळे जोडतात, ट्रेनिंगचं कोणीच जोडत नाही, म्हणून ते मंजूरही होत नाही.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्याशिवाय पुढे काहीच होत नाही. स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, मग सिव्हिल हॉस्पिटल किंवा नेमून दिलेल्या हॉस्पिटलला तपासणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, त्यामुळे "आमच्या मुलाचं दिसत नाही म्हणून अपंग सर्टिफिकेट मिळणार नाही" असं समजून घरी बसू नका, ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, थॅलेसेमिया, पार्किन्सन हे सगळं यादीत आहे. बहुतेक योजनांना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. लहान मुलांचं सर्टिफिकेट बऱ्याचदा तात्पुरतं असतं, त्यावरची मुदत बघा, मुदत संपलेल्या सर्टिफिकेटवर अर्ज परत येतो आणि मग वर्ष जातं.

बाकी म्हणजे तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, आधार लिंक असलेलं बँक पासबुक, रहिवासी दाखला, फोटो. आणि एक कागद जो कुणी सांगत नाही, तो म्हणजे डॉक्टर, थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षकाचं शिफारसपत्र, ज्यात साधनाचं नाव आणि "साधनासोबत प्रत्यक्ष प्रशिक्षण आवश्यक आहे" हे वाक्य स्पष्ट लिहिलेलं असेल. हे एक वाक्य लिहून घेतल्याशिवाय ओपीडीतून बाहेर पडू नका. सगळ्याचे स्कॅन मोबाईलमध्ये एका फोल्डरला ठेवा, कारण हेच कागद तुम्ही सतरा ठिकाणी देणार आहात.

साधन कुठून

साधनासाठी सगळ्यात मोठी योजना म्हणजे केंद्राची एडिप, १९८१ पासून चालू आहे. महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधनाचा पूर्ण खर्च आणि ३०,००० पर्यंत असेल तर अर्धा, असा हिशोब, अर्थात प्रत्येक साधनाला वरची मर्यादा आहे. एकदा साधन घेतलं की त्याच कामासाठी ३ वर्षं परत मिळत नाही, १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र १ वर्षाने मिळतं कारण मुलं वाढतात, कॅलिपर आणि खुर्ची लहान पडते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी आईबाप तीन वर्षं थांबतात.

एडिपची साधनं बहुतेक करून कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात. आधी तपासणीचा कॅम्प होतो, मापं घेतात, आणि काही महिन्यांनी वाटपाचा कॅम्प. कॅम्पची वाट बघायची नसेल तर आता ठिकठिकाणी प्रधानमंत्री दिव्याशा केंद्रं सुरू झालीत, तिथे रोजच्या कामकाजात जाऊन तपासणी होते. शिवाय मुंबईत वांद्रे रिक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे वाचा आणि श्रवणासाठी, हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे हातापायांच्या त्रासासाठी, नागपूरला संयुक्त प्रादेशिक केंद्र म्हणजे सीआरसी आहे. लांबून जावं लागलं तरी मी म्हणेन अशाच ठिकाणी जा, कारण तिथे साधन देणारे आणि शिकवणारे एकाच छताखाली असतात, फिटिंग चुकलं तर परत जाता येतं. वाटपाच्या मांडवात ते होत नाही, तिथे नाव पुकारतात, फोटो होतो आणि पुढचं नाव. तरी कॅम्पलाच जाणार असाल तर तपासणीच्या दिवशीच विचारा की साधन बसवून कोण देणार, नंतर बिघडलं तर कुठे आणायचं, कारण फिटिंग आणि त्यानंतरची देखभाल हे योजना राबवणाऱ्या संस्थेच्याच कामात धरलेलं आहे, आपण उपकार मागत नाही आहोत.

घरात वयस्कर माणूस असेल तर वेगळा रस्ता आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना साधनं देते, आणि राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांवरच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३,००० रुपये खात्यात देते चष्मा, काठी, कानाचं मशीन, कमोड खुर्ची अशा गोष्टींसाठी. रक्कम लहान आहे पण अटी सोप्या आहेत.

कामगार असाल आणि पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जात असेल तर कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र वगैरे तिथूनही मिळतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. आणि पाय गमावलेल्यांसाठी जयपूर फूटवाली भगवान महावीर विकलांग सहायता समिती मोफत पाय बसवून देते, आणि तिथे चालायचा सराव घेतात ही मोठी गोष्ट.

शाळेतल्या मुलांचं

मूल १८ वर्षांखालचं आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये स्वच्छ लिहिलंय की पुस्तकं, शिकायचं साहित्य आणि योग्य सहाय्यक साधनं मोफत द्यायची. शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणाली तर भांडू नका, पण अर्ज लेखी द्या आणि या कलमाचं नाव घाला.

पैसा कुठून येतो तर समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतून, त्यात दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद असते. ते पैसे पालकांच्या हातात येत नाहीत, त्यातून साधनं, तपासणी शिबिरं, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, विशेष शिक्षक अशा गोष्टी होतात. मुलींना महिन्याला २०० रुपये वर्षात १० महिने असा वेगळा भत्ता आहे. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा, त्यांचा फोन नंबर घ्या, हीच ती माणसं जी शाळेत येऊन शिकवू शकतात, म्हणजे तुमच्या ट्रेनिंगचा काही भाग बिनपैशांचा होतो. त्यांच्याकडे शाळा खूप असतात, हे समजून घ्या आणि महिन्यातले ठरलेले दिवस मागा, "कधीतरी या" म्हणू नका.

अगदी लहान बाळ असेल तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणारी जी आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, टीम असते ती तिकडे पाठवते, पण चिठ्ठीची वाट न बघता स्वतः गेलं तरी चालतं. फिजिओ, स्पीच थेरपी हे तिथे मोफत असतं.

दहावीनंतर केंद्राच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा, आईवडलांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. आयआयटी, एनआयटीसारख्या ठरलेल्या नामांकित संस्थेत ॲडमिशन मिळालं असेल तर टॉप क्लास शिष्यवृत्ती बघाच, तिथे उत्पन्न मर्यादा ८ लाख आहे आणि कॉम्प्युटर, सहाय्यक साधनं, सॉफ्टवेअर यांचा खर्चही परत मिळतो.

शिकवणाऱ्याच्या तासांचे पैसे

आता मुख्य मुद्दा. माणसाच्या वेळेवर पैसा खर्च होऊ देणारे मार्ग कमी आहेत, पण आहेत.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामय आरोग्य विमा आजच्या आज काढा. १ लाखापर्यंतचं कव्हर, आधी कुठली मेडिकल टेस्ट नाही, वर्षाचा हप्ता काही शे रुपयांत, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यात ओपीडीतल्या थेरपीचे पैसे मिळतात. आधी खर्च करायचा, बिलं लावायची, मग परत येतात. बिलावर थेरपिस्टचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, तारखा हे सगळं हवं, साध्या चिठ्ठीवर "थेरपी – २०००" लिहून आणलं तर क्लेम नाकारतात. दरवर्षी रिन्यू करावं लागतं, मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा. ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्था अर्ज भरून देतात.

सगळ्यांसाठी उघडा असलेला आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांचा ५ टक्के दिव्यांग निधी. स्वतःच्या उत्पन्नातून हा पैसा त्यांना दिव्यांगांसाठी बाजूला काढावाच लागतो, पूर्वी ३ टक्के होता. यातून वैयक्तिक लाभही देता येतो आणि सामूहिकही. होतं काय, की मार्च एंडला सगळ्यांना थोडे थोडे पैसे वाटले जातात आणि संपलं. त्या वाटलेल्या पैशांत कुणाचंच काम होत नाही. मला मनापासून वाटतं की गावातल्या दिव्यांगांनी एकत्र येऊन सांगायला पाहिजे की यंदा यातला काही भाग ट्रेनिंगला ठेवा. आजूबाजूच्या चारपाच गावांत मिळून सातआठ अंध तरुण निघतातच, एक ट्रेनर आठवड्यातून दोन दिवस ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत आला तर प्रत्येकामागे खर्च किती कमी होतो बघा. मोठ्या महापालिकांच्या याशिवाय स्वतःच्या दिव्यांग योजनाही असतात, समाजविकास किंवा समाजकल्याण विभागात जाऊन छापील यादीच मागायची.

अर्जात लांबण लावू नका. असं लिहिलं तरी पुरतं:

"मला ... टक्के दृष्टिदोष असून माझा यूडीआयडी क्रमांक ... आहे. शिक्षणासाठी मला लॅपटॉप व स्क्रीन रीडर वापरणे आवश्यक आहे. डॉक्टरांच्या शिफारसीनुसार साधनासोबत प्रत्यक्ष प्रशिक्षण गरजेचे आहे. तरी ५ टक्के दिव्यांग निधीतून साधनासाठी रुपये ... व प्रशिक्षणासाठी रुपये ... मंजूर करावेत. प्रशिक्षणाशिवाय साधन वापरता येत नसल्याने दोन्ही बाबी एकत्र विचारात घ्याव्यात. मागणी मंजूर होत नसल्यास कारण लेखी कळवावे. सोबत कोटेशन, शिफारसपत्र व प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे."

दोन प्रती न्या, एक द्या, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा. आणि हे दिवाळीच्या आसपास करा, फेब्रुवारीत गेलात तर यादी झालेली असते. ग्रामसभेत विषय घ्यायला लावा, ठरावात "प्रशिक्षण" हा शब्द येतोय का ते स्वतः वाचून बघा.

खासदार निधीतूनही सहाय्यक साधनांसाठी खर्च करायची मुभा आहे, पण तिथे वस्तूच मिळते, शिकवणी नाही. तेव्हा महागडी वस्तू तिकडून आणि ट्रेनिंग ५ टक्क्यांतून, असं जमवता येतं.

कौशल्य प्रशिक्षणासाठी केंद्राचं पीएम दक्ष पोर्टल आहे, त्यात दिव्यांगांसाठी मोफत कोर्स असतात. मुंबईत कामगार मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर आहे. आणि काही ठिकाणी ट्रेनिंगला पैसेच लागत नाहीत किंवा नावापुरते लागतात, दृष्टिबाधितांसाठी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र आणि नॅब ही अंधांसाठीची संस्था, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आणि निवांत अंध मुक्त विकासालय. आधी इथे विचारा, मग पैसे गोळा करायला लागा. राहायची सोय आणि प्रवास हाच खर्च उरला तर तो मागणं सोपं जातं.

नोकरी असेल तर

सरकारी नोकरीत असाल तर कायद्याच्या कलम २० प्रमाणे कामासाठी लागणाऱ्या वाजवी सोयी देणं हे कार्यालयाचं काम आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी डीओपीटीच्या, म्हणजे केंद्राच्या कार्मिक विभागाच्या, ३१ मार्च २०१४ च्या सूचना आहेत, त्यात सहाय्यक साधनं द्या किंवा खर्च परत द्या, आणि नव्याने लागलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याला कामाचं ट्रेनिंग द्या असं दोन्ही लिहिलंय, अर्जासोबत त्याची प्रिंट जोडा. खाजगी कंपनीत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर समान संधी धोरण जाहीर करावं लागतं आणि त्यात सहाय्यक साधनांची सोय काय ते लिहावं लागतं. एचआरला सरळ मेल करा की धोरणाची प्रत द्या. बहुतेक एचआरवाले वाईट नसतात हो, त्यांना काय लागतं तेच माहीत नसतं, तुम्ही तासांसकट आराखडा दिलात तर तो ट्रेनिंग बजेटमध्ये बसवता येतो, बाकी सगळ्यांच्या ट्रेनिंगवर कंपनी खर्च करतेच की.

ट्रस्ट, सीएसआर, लोकवर्गणी

रोटरी, लायन्स, देवस्थान ट्रस्ट यांच्याकडे वैयक्तिक अर्ज चालतो. कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचं, तसं नसतं, २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे २ टक्के द्यावे लागतात आणि त्या यादीत विशेष शिक्षण आणि दिव्यांगांचं कौशल्य प्रशिक्षण येतं, पण पैसे सहसा सीएसआर-१ नोंदणी असलेल्या संस्थेलाच मिळतात. म्हणून एकट्याने पत्र लिहिण्यात वेळ घालवू नका, जवळच्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या आणि गटाचा प्रस्ताव द्या. त्यात सहा महिन्यांनंतर किती जण साधन रोज वापरतायत हे मोजून देऊ असं लिहा, वाटपाच्या फोटोंपेक्षा हे वाक्य जास्त वजनदार ठरतं.

ऑनलाइन लोकवर्गणी काढायची असेल तर कोटेशन टाका, पैसे थेट दुकानदाराच्या किंवा संस्थेच्या खात्यात जातील असं ठेवा, प्लॅटफॉर्म किती कापतो ते आधी वाचा. एक विनंती, मुलाचे केविलवाणे फोटो टाकू नका. ते इंटरनेटवर कायमचे राहतात आणि ते मूल मोठं होऊन बघणार आहे. तो काय शिकणार आहे ते लिहा, लोक त्यालाही देतात.

कर्ज शेवटी. एनडीएफडीसीच्या, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या केंद्राच्या वित्त महामंडळाच्या, दिव्यांगजन स्वावलंबन योजनेत व्याज साधारण ५ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असतं, व्यवसाय, शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण आणि साधनं यासाठी मिळतं, राज्यात दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करायची. ज्या साधनाने कमाई सुरू होणार आहे त्यासाठी घ्या, नुसत्या ट्रेनिंगसाठी कर्ज काढू नका.

टॅक्स भरत असाल तर ज्याला सगळे ८०डीडी म्हणतात त्या वजावटीत अवलंबून असलेल्या दिव्यांगाचे उपचार, प्रशिक्षण आणि पुनर्वसन हे तिन्ही येतात, ७५,००० रुपये आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. स्वतः दिव्यांग असाल तर ८०यू, रक्कम तीच. जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, सीएला विचारून घ्या.

ट्रेनर निवडताना

थेरपिस्ट, विशेष शिक्षक असेल तर आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी विचारा. स्क्रीन रीडर शिकवणारा मात्र स्वतः दृष्टिबाधित आणि रोज वापरणारा असेल तर माझी पसंती त्यालाच, अशा माणसाला बोटांच्या सवयी माहीत असतात, डोळस माणूस "तिथे क्लिक कर" म्हणतो आणि तिथेच गाडी अडते. सगळे पैसे आधी देऊ नका, टप्प्याप्रमाणे द्या. मुलगी स्वतः मेल लिहून पाठवते, स्वतः फॉर्म भरते, असं काहीतरी प्रत्यक्ष करून दाखवलं की पुढचा हप्ता. घरातलं एक माणूस बैठकीत बसलंच पाहिजे, ट्रेनर गेल्यावर अडलं की तेच सोडवणार.

नाही म्हणाले तर

तोंडी नकार ऐकून परत येऊ नका, लेखी मागा. देत नसतील तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका: ५ टक्के निधीत किती जमा झाले, कशावर खर्च झाले, प्रशिक्षणावर किती, माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बरेचदा उत्तर येण्याआधीच फोन येतो. प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याच्याकडे तक्रार द्या. तिथेही झालं नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो, वकील लागतोच असं नाही, शिक्का मारलेली प्रत, लेखी नकार आणि तारखांचा कागद एवढं सोबत जोडा. आणि एखादी रक्कम मंजूर झाली पण ट्रेनिंगचा भाग कापला असेल तर साधन नाकारू नका, ते घ्या, आणि कापलेल्या रकमेसाठी त्याच आठवड्यात पंचायत समितीला किंवा जिल्हा परिषदेला नवीन अर्ज द्या, कारण आता तुमच्या हातात साधन मंजूर झाल्याचा सरकारी कागद आहे आणि ते वापरता यावं यासाठीचे पैसे मागणं आधीपेक्षा सोपं झालेलं आहे.